आराखडेवाले भावोजी आणि गाढवाचा दगड

“शैला, हे गेले,” ताई फोनवर म्हणाली आणि मी विचारलं, “आत्ता? एवढ्या उन्हात?” माझी तरी काय चूक... रिटायर झाल्यापासून भावोजी दुपारचं जेवण सोडलं तर घरात सापडतच नसत आणि ताईचे निम्मे फोन याच वाक्याने सुरू होत. हे गेले, टोपी न घेता गेले, सकाळी गुडघा धरून कण्हत होते आणि आता बघ, गेले. टेलिफोन खात्यात हयात घालवल्यामुळे समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उत्तर द्यायची मला खोडच आहे. पलीकडून ताई अगदी हळू म्हणाली, “अगं, तसे नाही गं...” जेवून जरा पडले ते उठलेच नाहीत. ठाण्यात माजिवड्याहून डोंबिवलीला ताईकडे पोचेपर्यंत गाडीत मी आळीपाळीने स्वतःवर आणि भावोजींवर चिडत होते. ज्या माणसाने आयुष्यात साधी कोथिंबीरसुद्धा पूर्वतयारीशिवाय आणली नाही, त्याने असं कोणाला काही न सांगता, मध्येच उठून निघून जावं हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आज इतक्या आठवड्यांनंतरही पटलेलं नाही.

रमाकांत टिपणीस हे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. नगररचनेच्या एका सरकारी कार्यालयात नकाशे काढण्यात त्यांची नोकरी झाली. हात इतका सुबक की साधी वाण्याची यादी लिहिली तरी फ्रेम करून लावावीशी वाटे. पण नोकरीने हाताला वळण दिलं तसं डोक्यालाही दिलं. टिपणिसांच्या घरात कुठलीही गोष्ट नुसती घडत नसे, तिचा आधी कृती आराखडा होई. उद्दिष्ट, कृती, जबाबदार व्यक्ती, मुदत, संभाव्य धोके, असे पाच रकाने. गणपतीचे मोदक असोत की माळ्यावरची साफसफाई, पाच रकाने भरल्याशिवाय कोणी स्टुलावर चढायचं नाही. एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं माथेरानला गेलो होतो, तेव्हाचा आराखडा मी स्वतः पाहिला आहे. त्यात संभाव्य धोके या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘माकडे, पाऊस, शैला.’ मी भांडायला गेले तर अतिशय शांतपणे म्हणाले की क्रम महत्त्वाप्रमाणे लावलेला नाही, तेव्हा राग मानू नकोस. ताई या सगळ्याला कधी वैतागली नाही. ती ‘हो’ म्हणायची आणि आपल्याला हवं तेच करायची. संध्याकाळी भावोजी समाधानाने सगळ्या रकान्यांपुढे बरोबरच्या खुणा करायचे.

अशा माणसाला रिटायर झाल्यावर घरात ठेवणं ताईला जड गेलं असतं, पण त्यांना एका गावातलं तळं मिळालं आणि ती सुटली. डोंबिवलीत मानपाड्याच्या पलीकडे, कारखान्यांची वस्ती संपते तिथे हे गाव आहे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तळ्यात कासवं आहेत आणि कासव घरात ठेवलं की भरभराट होते असं मानणारी माणसंही वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांत असणार. भावोजी सकाळी चालायला म्हणून गेले आणि दुपारी पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलात, उजव्या हाताच्या बोटाला रुमाल बांधलेला, असे थेट माझ्याकडे ठाण्याला उगवले. बांधावर एक कासव भेटलं होतं. ते रस्ता चुकलंय असं यांना वाटलं, म्हणून उचलून पाण्याच्या दिशेने वळवायला गेले तर ते कडकडून चावलं. ते बिचारं चुकलं नव्हतं, अंडी घालायला बांधाच्या मातीत चाललं होतं. पण चावल्याचा राग नाही की धनुर्वाताच्या इंजेक्शनची घाई नाही. चहा पिताना ते मला सांगत होते की हा मातीचा बांध राहिला तर हे कासव राहील, आणि त्याच बांधावर एक दगड आहे, शैला, तो तर तू बघायलाच हवास.

दगड मी पाहिला, तेव्हा तीन पोरं त्याला मोटरसायकली टेकवून धूत होती. कमरेएवढा उभा दगड, वर सूर्य आणि चंद्र, मधे झिजून गेलेल्या अक्षरांच्या ओळी आणि खाली एक गाढव आणि एक बाई. त्या दोघांचं काय चाललं आहे ते मी लिहीत नाही, कारण पुरवणी घरातली मुलंही चाळतात. जुन्या काळी राजाने कोणाला जमीन दिली की ती देणगी पुढे कोणी मोडू नये म्हणून असा दगड पुरत, त्याला गधेगळ म्हणतात. म्हणजे खाली कोरलेली ती शिवी आहे, दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली. गावातल्या लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्यासाठी तो देव होता, लग्नघरातली पहिली हळद त्याला लागायची आणि बाकी वर्षभर त्याला मोटरसायकली टेकायच्या.

आणि याच बांधावर काँक्रीट पडणार होतं. शेजारी बत्तीस की चाळीस मजल्यांचा टॉवर उभा राहत होता, त्याच्या बिल्डरने गावाला तळ्याचं सुशोभीकरण फुकटात करून द्यायचं कबूल केलं होतं. चारी बाजूंनी काँक्रीटचा कठडा, फरशीची पायवाट, रंगीत कारंजं, सेल्फी काढायला दिव्यांची अक्षरं आणि कडेने शोभेला सिमेंटची कासवं. जिवंत कासवांची अंडी घालायची जागा बुजवून तिथे सिमेंटची कासवं बसवायची, यात कोणाला काही चमत्कारिक वाटत नव्हतं. दगड मध्ये येत होता, तो उचलून कुठेतरी ‘व्यवस्थित’ ठेवणार होते.

भावोजींनी हे इतकं मनाला का लावून घेतलं ते मला फार उशिरा कळलं. एका संध्याकाळी आम्ही दोघं बांधावर बसलो होतो. ताई घरी भाजणी भाजत होती. मी नेहमीसारखी त्यांची टर उडवत होते की आता कासवांकडूनही रकाने भरून घ्या. ते हसले नाहीत. म्हणाले, “लहानपणी मी ज्या तळ्यात पोहायला शिकलो ना, ते नकाशावर माझ्याच टेबलावर आलं. राहत्या वस्तीचा रंग पिवळा असतो. वरून आलेल्या खुणेप्रमाणे मी तो भरला. कडेपासून आत, एकही थेंब बाहेर न जाऊ देता... हात छान होता माझा.” मग थोड्या वेळाने म्हणाले की नोकरीत अशी किती पाणी पिवळी केली ते मोजलेलं नाही, पण मरायच्या आधी एक तरी निळंच ठेवायचं आहे.  मला गप्प बसवणं त्या माणसाला आयुष्यात तेवढ्या एकदाच जमलं.

त्यांनी आराखडा केला, हे सांगायला नकोच. पण या आराखड्याला गावाची संमती हवी होती, म्हणून त्यांनी गावच्या नाक्यावर आपल्या सुंदर अक्षरात फलक लावला. ‘तलाव परिसर संवर्धन कृती आराखडा. जाहीर सभा. सर्व संबंधितांनी हरकती व सूचनांसह उपस्थित राहावे.’ आता ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कुठल्याही जुन्या गावात जाऊन आराखडा हा शब्द मोठ्याने उच्चारून बघा. ज्यांच्या बापजाद्यांची भातशेती आणि मिठागरं एकेका आराखड्यात रस्ता, डेपो, मैदान होऊन गेली त्यांच्या कानाला हा शब्द कसा लागतो, हे तीस-पस्तीस वर्षं आराखडे काढलेल्या माणसाच्या लक्षात येऊ नये? नाही आलं. रविवारी सकाळी मी आणि ताई त्यांच्याबरोबर समाजमंदिरात गेलो तर बाहेर चपलांचा ढीग आणि आत उभं राहायला जागा नाही. भावोजींचा चेहरा उजळला. ताईच्या कानाशी लागून म्हणाले की लोकांमध्ये केवढी जागृती आहे बघ. जागृती होतीच. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा होता आणि पहिल्या रांगेत दोन वकील बसले होते.

तरीही निभावलं असतं. पण भावोजींनी भिंतीवर नकाशा लावला आणि कासवं जिथे अंडी घालतात तो सगळा बांध त्यांनी, स्वाभाविकच, हिरव्या रंगात दाखवला होता. हिरवा पट्टा म्हणजे बांधकाम बंद, हे तिथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक. सभागृहात बाळारामशेठ म्हात्रे उठले. गावातले सगळ्यात मोठे जमीनवाले, गळ्यात जाड साखळी, आवाज बसका. त्या गावात देवालाही तू म्हणतात, तिथे भावोजींची काय कथा.

“ह्यो हिरवा कलर तुनी कोनाचे जाग्यावं मारलास?”

पुढची काही मिनिटं कोण काय बोललं ते सांगणं अवघड आहे. वकील कायदा सांगत होते, मागून कोणीतरी याला कोणी पाठवला ते विचारा म्हणत होतं आणि भावोजी घामाघूम होऊन, हे आरक्षण नसून केवळ कासवाच्या विणीचं क्षेत्र आहे, असं अत्यंत शुद्ध भाषेत पुन्हा पुन्हा सांगत होते. विणीचं क्षेत्र हे काहीतरी नवीनच आरक्षण निघालंय अशी सगळ्यांची खात्री पटत चालली. ताईने माझा हात घट्ट धरला होता. मला भीती वाटत होती, आणि खोटं कशाला सांगू, हसूही येत होतं.

तेव्हा काशीआय बोलली. काशीआय ही गावची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाऊन सगळे विधी चालवणारी बाई. भटजींइतकाच तिचा मान, कदाचित काकणभर जास्तच, कारण भटजींना गाव गप्प बसवू शकतं. तिने भावोजींना विचारलं की देवाच्या दगडावर लिहिलंय काय, ते तरी सांग. अक्षरं भावोजींनी एका जाणकाराकडून वाचून घेतली होती, पण समोर पाऊणशे बायका बसलेल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली, की ही भूमी या गावास दान दिलेली असून, जो इसम ती हिरावून घेईल, त्या इसमाच्या मातोश्रींचा एका गाढवाशी... प्रतिकूल संबंध येईल.

कोणालाच काही कळलं नाही. काशीआयने क्षणभर विचार केला आणि तेच वाक्य आपल्या भाषेत, सहा शब्दांत सांगितलं. ते सहा शब्द छापता येण्यासारखे नाहीत. पण ते ऐकल्यावर आधी बायका हसायला लागल्या, मग वकील हसले आणि भावोजी कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. फक्त बाळारामशेठ हसले नाहीत. ते विचारात पडले होते.

“म्हंजे जो जागा घेल त्याला लागल?”

“हो.”

“कोनी पन? बिल्डरनी घेतली तरी?”

“शापात अपवाद नमूद केलेला नाही,” भावोजी म्हणाले.

“आनि सरकारनी घेतली त?”

भावोजी म्हणजे उभ्या जन्मात सरकारविरुद्ध एक शब्द न काढलेला, पेन्शनवर जगणारा माणूस. पण खोटं बोलणं त्यांच्या रकान्यात बसत नव्हतं. “शासनालाही लागू आहे,” ते म्हणाले.

बाळारामशेठ सभागृहाकडे वळले आणि म्हणाले, “मंग ह्यो त आपला सातबारा हाय.”

त्या एका वाक्याने सगळं फिरलं. सूर्य-चंद्र असेपर्यंत चालणारा, कोणत्याही कचेरीत फेरफार न होणारा आणि वर शिवी देणारा सातबारा आपल्याच बांधावर उभा आहे, आणि तो उचलायला आपण बिल्डरला होकार देऊन बसलो होतो, हे गावाला उमगलं. त्याच दुपारी मोटरसायकली हलल्या. पुढच्या आठवड्यात कठड्याची आखणी करायला बिल्डरचा मॅनेजर जेसीबी घेऊन आला तेव्हा अख्ख्या गावाने त्याला आदराने दगडापाशी नेलं आणि मजकूर समजावून सांगितला. मॅनेजर शिकलेला होता, तो हसला. पण जेसीबीवाला खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, “साहेब, माझी आई गावाकडं एकटीच असते.” दुसरा ड्रायव्हर आणला, त्यालाही आई होती. मॅनेजरने आणखी दोन-तीन ठिकाणी फोन लावून पाहिले, पण त्या गावच्या बांधावर मशीन लावायला तयार होईल असा माणूस काही मिळेना. शेवटी सिमेंटची कासवं टॉवरच्या फाटकापाशी बसली, ती अजून तिथे आहेत, त्यांच्या पाठीवर वॉचमन डबा खातो.

तुम्हाला वाटेल भावोजी आनंदाने नाचले असतील. छे. ते आठवडाभर अस्वस्थ होते. जनजागृती, शालेय निबंध स्पर्धा, तज्ज्ञांची समिती, यांतली एकही पायरी न चढता उद्दिष्ट साध्य झालं होतं आणि ते त्यांना नियमबाह्य वाटत होतं. मी म्हटलं, अहो तळं राहिलं ना निळं? तर म्हणाले की ते ठीक आहे, पण पद्धत काही आहे की नाही. अखेर त्यांनी आराखडा नव्याने लिहून काढला आणि कृतीच्या रकान्यात, इतर सगळं खोडून, एकच शब्द घातला, ‘शाप’. संभाव्य धोके या रकान्यात बराच विचार करून लिहिलं, ‘नाही.’ त्यानंतर मात्र तो त्यांचा आवडता आराखडा झाला. येईल त्या पाहुण्याला दाखवायचे आणि शिवीपाशी आले की ताईला बोलवायचे, कारण ते स्वतः ती कधीच उच्चारू शकले नाहीत. ताई फोडणी अर्धवट टाकून यायची, सांगायची आणि परत जायची. गावच्या बोलीत ते ‘आराखरेवाले’ झाले. ज्या शब्दाने मार खायची वेळ आणली होती तोच त्यांचं नाव होऊन बसला. पावसाळा सरता सरता बांधावर कासवाने माती उकरलेली दिसली की बाळारामशेठचा फोन यायचा आणि टोपी न घेता हे गेलेच.

ते गेल्यावर ताई रडली नाही. पहिल्या दिवशी नाही, तेराव्याला नाही. सगळं नीट करत होती, आल्यागेल्याला चहा देत होती, आणि तेच मला सोसवत नव्हतं. भावोजी असते तर त्यांनी याचीसुद्धा मुदत घालून दिली असती असं मी एकदा तिला म्हटलं, हसेल म्हणून. ती हसली, आणि ते तर फारच वाईट होतं.

गेल्या आठवड्यात काशीआय रिक्षा करून ताईकडे आली. बाळारामशेठच्या नातीची हळद होती, तिचं बोलावणं घेऊन. ताई म्हणाली की मी कशी येऊ, महिना दीड महिनासुद्धा नाही झाला अजून, आणि हळदीला माझ्यासारखीने... काशीआय तिथेच खुर्चीत ऐसपैस बसली आणि म्हणाली, “माजा नवरा जाऊन जमाना झाला. माज्याशिवाय गावात एक तरी हलद लागलीय काय?”  मी तर आधीच साडी काढायला उठले होते.

उन्हं कलल्यावर सगळ्या बायका वाजतगाजत बांधावर गेल्या. पायाखाली माती होती, मऊ, जागोजागी भेगा पडलेली. दगड धुऊन ठेवला होता. आम्ही दोघी कडेला बसलो आणि काशीआयने धवले सुरू केले. लग्नाला आधी देवांना बोलवायचं असतं, मग घरातल्या आणि गावातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. ती एकेक म्हात्रे, एकेक पाटील बोलवत होती, कोण कधीचे आजे-पणजे, आणि बायका मागून ओळ ओढत होत्या. मग ती थांबली, पाण्याकडे बघितलं आणि त्याच चालीत म्हणाली, “टिपनीस, तू पन ये रं हलदीला.”

बायकांनी तेही तसंच मागून म्हटलं. मी ताईकडे बघायचं टाळलं. ती नेहमीच्या, घरातल्या आवाजात म्हणाली, “येतील... पण त्यांना आधी कळवायला हवं होतं गं. असं आयत्या वेळी त्यांना नाही जमत.” आणि मग त्या मातीच्या बांधावर बसून, ते गेल्यापासून पहिल्यांदाच, माझी बहीण रडली.